स्पॅनिश शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा

उंबरठा

टेनिसच्या धाग्यावर आल्काराझचं नाव कसं उच्चारायचं यावर पानभर प्रतिसाद पडले आणि मूळ सामना राहिला बाजूला. तिथे आणखी अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी उत्तर देऊन टाकतो: आल्-का-'रास्. जोर शेवटच्या तुकड्यावर. उलट अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू हुल्यान आल्वारेझ याचं आडनाव 'आल्-बा-रेस्, जोर पहिल्यावर. दोन्ही आडनावं तीन तुकड्यांची, दोन्हींच्या शेवटी तेच झेड. तरीही स्पॅनिश वाचता येणारा माणूस ही आडनावं आयुष्यात पहिल्यांदा छापील पाहतो आणि जोर बिनचूक देतो. कारण आल्वारेझच्या पहिल्या स्वरावर एक तिरकी रेघ असते, आल्काराझवर नसते. या रेघेला स्पॅनिशमध्ये तील्दे म्हणतात. आणि रेघ नाही, यावरूनही जोर कुठे ते कळतंच.

(लिहिण्याची सोय: जोराच्या तुकड्याआधी ' अशी खूण करतोय. उच्चार लॅटिन अमेरिकेतला धरलाय. स्पेनच्या बऱ्याच भागात झेडचा 'थ'कडे झुकणारा उच्चार करतात. ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करा, स्पॅनिशला तो भेदच नाही.)

नियम असा. रेघ असेल तर जोर तिथेच, पुढे विचार करायचा नाही. रेघ नसेल तर शब्दाचा शेवट बघायचा. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर: 'का-सा (घर), 'आ-ब्लान् (ते बोलतात), 'लु-नेस् (सोमवार). शेवटी दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर जोर शेवटच्या तुकड्यावर: पा-'पेल् (कागद), आ-'ब्लार् (बोलणे), मा-'द्रिद्. यात न बसणाऱ्या शब्दांना रेघ मिळते: का-'फे, कान्-'स्योन् (गाणं), 'आर्-बोल् (झाड), 'मु-सि-का.

न आणि स यांनाच ही सवलत का? कारण अनेकवचन स लावून होतं आणि क्रियापदाचं "ते"चं रूप न लावून. घर 'का-सा, घरं 'का-सास्. तो बोलतो 'आ-ब्ला, ते बोलतात 'आ-ब्लान्. शेपूट लागलं तरी जोर जागचा हलत नाही. ही सवलत नसती तर भाषेतल्या जवळपास प्रत्येक अनेकवचनावर रेघ ओढावी लागली असती.

जोर शेवटच्या तुकड्यावर तर तो शब्द आगुदा, शेवटून दुसऱ्यावर तर याना, तिसऱ्यावर तर एस्द्रूहुला. एस्द्रूहुलांना रेघ कायम, अपवाद नाही. गंमत म्हणजे "एस्द्रूहुला" हा शब्द स्वतः एस्द्रूहुला आहे, पण "आगुदा" काही आगुदा नाही.

हे सगळं चालतं तुकडे बरोबर पडले तरच, कारण मोजायचं शेवटून. व्यंजनांचे नियम थोडके. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे: 'कार्-ता (पत्र). मात्र दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि प्र, ब्र, त्र, द्र, क्र, ग्र, फ्र किंवा प्ल, ब्ल, क्ल, ग्ल, फ्ल अशी जोडी जमत असेल तर ती फुटत नाही, अख्खी पुढे जाते: पा-'ला-ब्रा (शब्द). तीन-चार व्यंजनं एकत्र आली तरी हेच: कोम्-'प्रार्, इन्स्-'तान्-ते, इन्स्-त्रुक्-'स्योन्. च, य आणि रगडून म्हटलेला र हे लिहिताना दोन रोमन अक्षरांचे होतात, पण ध्वनी एकच, त्यामुळे तेही फुटत नाहीत.

आपली माणसं अडकतात ती दोन स्वर शेजारी आले की. त्यावर खाली बोलूच.

रात्रपाळी

बरं झालं धागा काढलात. मी हिंजवडीत स्पॅनिश ग्राहकांचे फोन घेते. नवीन पोरं शब्दसाठा घेऊन येतात, व्याकरण घेऊन येतात, पण जोर मराठीसारखा सपाट. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तर फार तर हेल वेगळा वाटतो. स्पॅनिशमध्ये माणूस आणि काळ दोन्ही बदलतात.

बिलाच्या कॉलवरचं नेहमीचं उदाहरण: 'पा-गो म्हणजे "मी भरतो", पा-'गो म्हणजे "त्याने भरले". समोरची बाई सांगतेय की नवऱ्याने पैसे भरलेत, आणि आमचा गडी नोंद करतो की ती भरायला तयार आहे. पुढची वसुलीची पत्रं आणि त्यांवरच्या शिव्या तुम्हीच कल्पना करा.

शिकवायला मला आवडतं ते त्रिकूट: 'तेर्-मि-नो (संज्ञा, मुदत), तेर्-'मि-नो (मी संपवतो), तेर्-मि-'नो (त्याने संपवले). अक्षरं तीच, क्रम तोच.

अर्जेंटिनाचे कॉल आले की आणखी एक भानगड. तिथे "तू"ला "बोस" म्हणतात आणि त्याचं क्रियापद शेवटी जोर घेतं. मेक्सिकोचा माणूस "बघ" म्हणताना 'मि-रा म्हणेल, ब्वेनोस आयरेसचा मि-'रा.

गुरुलघू

लेख छान, पण एक इशारा द्यावासा वाटतो. देवनागरीत लिहून स्पॅनिश तुकडे पाडू नका. देवनागरी आपल्याला फसवते.

"पेर्सोना" (व्यक्ती) घ्या. देवनागरीत रफार जाऊन बसतो "सो"च्या डोक्यावर, म्हणून डोळ्याला पे-र्सो-ना दिसतं. तोंडात मात्र र मागे "पे"ला चिकटतो: पेर्-'सो-ना. मराठीतही हेच होतं हो, फक्त आपलं लक्ष नसतं. लिहितो पु-स्त-क, बोलतो पुस्-तक.

आपल्या वृत्तशास्त्राला हे पुरतं ठाऊक आहे. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू का मानतात? जोडाक्षराचा पहिला अर्धा मागे सरकतो आणि मागचा तुकडा बंद होतो म्हणून. आणि "तुझ्या" मधला "तु" मात्र लघूच राहतो, कारण "झ्या"चा आघात मागे येत नाही, तो पुढे अख्खाच उच्चारला जातो. शाळेत हा अपवाद घोकला असेल, तर स्पॅनिशचा "ब्र, प्ल फुटत नाहीत" हा नियम वेगळा घोकायची गरज नाही. पा-'ला-ब्रा मधला "ला" हा आपला "तुझ्या"चा "तु".

सायंतारा

गुरुलघूंचा प्रतिसाद वाचून भुजंगप्रयात आठवलं आणि घाम फुटला. असो.

माझा प्रश्न: सात म्हणजे "सिएते". हे तीन तुकडे की दोन? आणि दिवस म्हणजे "दिआ", तो एक की दोन? वर्गात सर टाळ्या वाजवून मोजतात आणि प्रत्येकाच्या टाळ्या वेगळ्या पडतात.

उंबरठा

सायंतारा, मुद्द्याला हात घातलात.

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच. आ, ए, ओ हे बळकट. इ, उ हे दुबळे. दोन बळकट शेजारी आले तर कोणी कोणाचं ऐकत नाही, तुकडे वेगळेच पडतात: ते-'आ-त्रो, ले-'एर् (वाचणे), बिल्-'बा-ओ. दुबळा आणि बळकट शेजारी आले तर दुबळा आपलं स्वरपण सोडतो आणि दोघांचा मिळून एकच तुकडा होतो.

हे आपल्याला परकं नाही. इति अधिक आदी म्हणजे इत्यादी, सु अधिक आगत म्हणजे स्वागत. इ, उ पुढे विजातीय स्वर आला की य, व होतात, ती यणसंधी. स्पॅनिश बोलताना हेच होतं, फक्त त्यांच्या लिखाणात इ-उ तसेच दिसतात. म्हणून "सिएते" न म्हणता 'स्ये-ते म्हणा, दोन तुकडे. चार 'क्वा-त्रो, नऊ 'न्वे-बे, चांगलं म्हणजे ब्येन्, एकच तुकडा. दुबळा मागे असला तरी तुकडा एकच: 'बेइन्-ते (वीस), एउ-'रो-पा. (इथे गुरुलघूंशी माझा थोडा मतभेद. व्यंजनांच्या बाबतीत देवनागरी फसवते हे खरं, पण या स्वरांच्या बाबतीत "स्ये", "न्वे" लिहिलं की टाळी आपोआप एकच पडते. रोमन लिपीत ती सोय नाही.)

आता "दिआ". इथे दुबळ्या इ वरच जोर आहे. जोर मिळाला की दुबळा दुबळा राहत नाही, संधीला नकार देतो. तुकडे दोन: 'दि-आ. आणि वाचणाऱ्याला हे कळावं म्हणून त्या इ वर रेघ. म्हणजे तील्देचं दुसरं काम "इथे संधी करू नका" असं सांगणं.

मारिओ आणि मारिया या नावांत हे स्वच्छ दिसतं. 'मा-र्यो दोन तुकडे, रेघ नाही. मा-'रि-आ तीन तुकडे, इ वर रेघ. तसंच फार्-'मा-स्या (औषधाचं दुकान) आणि पो-लि-'सि-आ (पोलीस).

हे काम पहिल्या नियमापेक्षा वरचढ आहे. देश म्हणजे पा-'इस्, त्यावर रेघ आहे. ती "शेवटी स असूनही जोर शेवटी" म्हणून आहे असं वाटेल. पण मूळ, मुळं या अर्थाचा रा-'इस् झेडने संपतो, त्याचा जोर साध्या नियमानेही शेवटीच पडतो. तरी रेघ आहेच. ती संधी मोडण्यासाठी.

बेरकी_बंड्या

संधी दिसली की सोडायची नाही असं घरी शिकवलंय, आणि इथे रेघ मारून नकार देतायत. चालू द्या. वाचनखूण साठवली.

सायंतारा

यणसंधी! धन्यवाद, आता टाळ्या जुळतील.

पण मग हे सांगा: "वाचलेलं" ले-'इ-दो, त्यात इ वर रेघ. "बांधलेलं" म्हणजे कोन्स्त्रुइदो, त्यात इ वर जोर असूनही रेघ नाही. हा अन्याय का?

उंबरठा

ले-'इ-दो मध्ये बळकट ए शेजारी दुबळा इ आहे आणि जोर इ वर, म्हणून संधी मोडायला रेघ हवी. कोन्स्-'त्रुइ-दो मध्ये उ आणि इ दोघेही दुबळे. दोन वेगळे दुबळे शेजारी आले की लिखाणापुरता तो कायम एकच तुकडा मानायचा, कोणी कसंही उच्चारो. मग जोर पडतो शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, शेवट स्वराने, म्हणजे साध्या नियमात चपखल. रेघेचं कारणच उरत नाही.

मध्ये मूक ह आला तरी फरक पडत नाही, तो मोजायचाच नाही. "मनाई करणे" प्रोइ-'बिर् दोनच तुकडे, पण "तो मनाई करतो" प्रो-'इ-बे, तीन तुकडे आणि इ वर रेघ.

मांडवीकर

गोंयचो नमस्कार. आमच्याकडे पोर्तुगीज शिकलेले लोक स्पॅनिशकडे वळले की "हे तर तेच" म्हणून निर्धास्त असतात, आणि नेमके इथे घसरतात. नियम भावंडासारखे, पण तेच नव्हेत.

गोव्यातल्या फर्नांडिसांचं आडनाव पोर्तुगीज पद्धतीने एसने संपतं. तिथे एसने संपणाऱ्या शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणून रेघ नाही. स्पेनचा फर्नांदेझ झेडने संपतो. झेडला ती सवलत नाही, जोर शेवटी जाईल, तो अडवायला "नान्" वर रेघ. गोम्स, रॉड्रिग्ज यांचंही तेच. उच्चारातला जोर एकच, पण लेखनात एकाला रेघ, दुसऱ्याला नाही.

पोर्तुगीजमध्ये इ किंवा उ ने संपणाऱ्या शब्दाचा जोर आपोआप शेवटी. काजू हा तिथे का-'जु, रेघ नाही. पेरू देशालाही रेघ नाही. स्पॅनिशमध्ये उ हा इतर स्वरांसारखाच, म्हणून पे-'रु वर रेघ घालावी लागते. आणि मारियाचं उलटं: पोर्तुगीजमध्ये शेवटचा इ-आ वेगवेगळाच धरतात, म्हणून मारियाला रेघ नाही, पण "इश-'तो-र्या"ला (इतिहास) आहे. स्पॅनिशमध्ये मारियाला रेघ आहे, इस्-'तो-र्याला नाही.

इथपर्यंत फरक कागदावरचा. खरा घात होतो तो जोरच वेगळ्या जागी असतो तेव्हा. पोलीस: पोर्तुगीज पो-'लि-स्या, स्पॅनिश पो-लि-'सि-आ. लोकशाही: पोर्तुगीजमध्ये जोर "सि" वर, स्पॅनिशमध्ये "क्रा" वर. मर्यादा: पोर्तुगीजमध्ये "मि" वर, स्पॅनिशमध्ये 'लि-मि-ते. टेलिफोन: पोर्तुगीजमध्ये "फो" वर, स्पॅनिशमध्ये ते-'ले-फो-नो. दोन्ही भाषा येणाऱ्यांचे हे चार शब्द ऐकले की कोणती आधी शिकलीय ते लगेच कळतं.

ग्वादालाहारा

मेक्सिकोत राहून नोकरी करतोय, त्यामुळे दोन आणे माझेही.

खेळाडूला स्पेनमध्ये आत्-'ले-ता असं तोडतात. इथे आ-'त्ले-ता. नाहुआत्ल भाषेतून आलेल्या नावांमुळे इथल्या जिभांना "त्ल" पाण्यासारखा सोपा. मासात्लान शहर मा-सा-'त्लान्. स्पॅनिश अकादमी दोन्ही चालवून घेते.

जोराचेही प्रादेशिक वाद आहेत. स्पेनमध्ये 'बि-दे-ओ, इकडे बि-'दे-ओ. स्पेनमध्ये 'फुत्-बोल्, मेक्सिकोत फुत्-'बोल्. दोन्ही अधिकृत, आणि लेखनात त्याप्रमाणे रेघ असते किंवा नसते. चूक कोणाचीच नाही, तेव्हा परीक्षेला बसणाऱ्यांनी एक निवडून त्यालाच धरून राहावं.

अकादमीचा विषय निघालाच आहे म्हणून. ही संस्था १७१३ साली माद्रिदला स्थापन झाली आणि रेघांचे नियम तेव्हापासून हळूहळू बदलत आलेत. जुनी पुस्तकं वाचली तर "तो गेला", "त्याने दिले" या एकतुकडी क्रियापदांवरही रेघ दिसेल. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती गेली. २०१० च्या लेखनसंहितेने आणखी दोन ठिकाणी कात्री चालवली. संयोगचिन्हाला म्हणतात गि-ओन. स्पेनमधले बरेच लोक तो दोन तुकड्यांत म्हणतात, इथे एकात. १९९९ च्या नियमांत दोन्ही लेखनं चालत. २०१० ने ठरवलं की लिखाणापुरता तो एकच तुकडा, आणि एकतुकडी शब्दाला रेघ नसते.

दुसरी कात्री "सोलो"वर. त्याचे अर्थ दोन, "फक्त" आणि "एकटा". पूर्वी "फक्त"वाल्यावर रेघ देत. २०१० ला सांगितलं, नको. यावर लेखक मंडळी इतकी चिडली की वाद वर्षानुवर्षं चालला. मार्च २०२३ मध्ये अकादमीने जाहीर केलं की अर्थाचा घोळ होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर रेघ द्यायला हरकत नाही. माझ्या मते हा तह आहे, नियम नव्हे. आपल्याकडच्या अनुस्वारांच्या वादांची आठवण झाली.

खडूस_आजोबा

एवढं तुकडे मोजत बसतं कोण? स्पॅनिश पोरं कुठे मोजतात? ऐका आणि म्हणा. आम्ही हिंदी काय नियम पाठ करून शिकलो?

रात्रपाळी

आजोबा, बोलण्यापुरतं बरोबर आहे तुमचं. पण आम्हाला ग्राहकांना ईमेलही लिहावे लागतात, आणि तिथे कानावर विसंबून चालत नाही, कारण शब्द वाढला की रेघ येते-जाते.

"विकत घे" 'कोम्-प्रा, रेघ नाही. त्याला "ते" आणि "मला" चिकटवले की कोम्प्रामेलो, एकच शब्द. जोर मूळच्या "कोम्" वरच, पण आता तो शेवटून चौथा तुकडा. रेघ हवीच. फोन उचलताना स्पेनमधले लोक म्हणतात 'दि-गा-मे, तेही असंच: 'दि-गा ला मे जोडलेला, मूळ शब्दावर नसलेली रेघ जोडशब्दावर आली.

अनेकवचनातही. परीक्षा एक्-'सा-मेन्, रेघ नाही. परीक्षा अनेक असतील तर शेपूट वाढतं, जोर आता शेवटून तिसऱ्यावर, रेघ आली. गाणं कान्-'स्योन् ला रेघ, गाणी कान्-'स्यो-नेस् ला गेली. हे पाठ करून होत नाही. शेवटून मोजलं की आपोआप होतं, आणि महिनाभरात मोजणंही सुटतं. एखाद्-दुसरा शब्द मात्र अनेकवचनात जोरच सरकवतो: का-'राक्-तेर् (स्वभाव), पण का-राक्-'ते-रेस्. तेवढे लक्षात ठेवायचे.

गुरुलघू

आजोबांना कवितेची आवड असेल तर मोजण्याचं आणखी एक कारण देतो. स्पॅनिश कविता तुकड्यांवरच चालते. लोकगीतांचा रोमान्से म्हणजे आठ तुकड्यांची ओळ, संस्कारित कवितेत अकरा. आणि मोजताना एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्याचा पहिला स्वर मिळून एकच तुकडा धरतात, त्याला सिनालेफा म्हणतात. शब्दाच्या आत न जुळणारे दोन बळकट स्वरसुद्धा शब्दांच्या सीमेवर जुळतात.

ओळीच्या शेवटी आगुदा शब्द असेल तर मोजणीत एक वाढवायचा, एस्द्रूहुला असेल तर एक कमी करायचा. चरणाच्या शेवटचा लघू आपण गुरू धरतो, त्याच जातीची सवलत ही. यावर वेगळा धागा काढेन, सिनालेफावर पुष्कळ बोलता येईल.

बेरकी_बंड्या

काढा, काढा. तोवर गृहपाठ तरी द्या, म्हणजे अभ्यास केल्यासारखं वाटेल.

उंबरठा

घ्या पाच. तुकडे पाडा, जोर दाखवा: उरुग्वाय, बुधवार (म्येर्कोलेस), हवाई (आएरेओ), ऐकलेलं (ओइदो), अधोरेखित करणे (सुब्रायार).

सायंतारा

उ-रु-'ग्वाय् (शेवटचा वाय व्यंजनासारखा धरला). 'म्येर्-को-लेस्, रेघ आहे. आ-'ए-रे-ओ, चार तुकडे, एस्द्रूहुला. ओ-'इ-दो, संधीला नकार. सु-ब्रा-'यार्.

उंबरठा

पहिले चार पक्के. उरुग्वायचं कारणही बरोबर, आणि त्यात उ-आ-इ तिन्ही मिळून एकच तुकडा आहे हेही तुम्ही बरोबर पकडलंत.

पाचवा मुद्दाम दिला होता. तो सुब्-रा-'यार्. "सुब" हा "खाली" या अर्थाचा उपसर्ग, "राया" म्हणजे रेघ. ब आणि र शेजारी दिसतात, पण इथे त्यांची जोडी जमलेली नाही. र शब्दाच्या सुरुवातीसारखा रगडून म्हणतात. असे शब्द फार नाहीत. जोर कुठूनही तोडलंत तरी शेवटीच राहतो, त्यामुळे बोलताना कोणी पकडणार नाही, फक्त ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर ब वरच्या ओळीत ठेवा.